बोट धक्क्याला लावताना

बोट वेगात चालवणं फारसं अवघड नाही. थ्रॉटल पुढे ढकलायचे, समोर नजर ठेवायची, जाळ्यांचे बोये चुकवायचे. इन्स्टाग्रामवर बोटींचे जेवढे रील्स दिसतात ते सगळे याच भागाचे असतात. मागे पांढऱ्या फेसाचा पट्टा, वर अटल सेतू, गाणं कुठलंतरी पंजाबी. बोट धक्क्याला लावतानाचं रील कुणी टाकत नाही, कारण नीट लावली तर त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. आणि नीट नाही लावली तर ते भलत्याच कारणानं व्हायरल होतं.

बोटीला ब्रेक नसतो, हे सांगितल्यावर बहुतेकांना क्षणभर धक्का बसतो. गाडीचं चाक रस्त्याला धरून असतं. बोटीच्या खाली धरायला काही नाही. थांबायचं असेल तर पंखा उलटा फिरवायचा. प्रॉपेलरला आमच्याकडे सगळे पंखाच म्हणतात. पंखा उलटा फिरवला तरी ती लगेच थांबत नाही, आधी विचार करते. आमची क्रू बोट तेरा मीटर लांब आहे, वजन बारा टनांच्या आसपास. बंदरात नांगरलेल्या जहाजांवर खलाशी पोचवायचे, तिथून सुट्टीवर निघालेले परत आणायचे, कधी भाजीचे क्रेट, कधी स्पेअर पार्ट, कधी एखादा आजारी माणूस. दोन डिझेल इंजिनं, दोन पंखे, दोन सुकाणू. इंजिन आयडलवर ठेवून नुसता गिअर टाकला तरी ती चार नॉटनं निघते, म्हणजे ताशी साधारण सात किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं. पण सात किलोमीटरच्या वेगानं येणारे बारा टन आणि सिमेंटचा धक्का यांच्या मध्ये कुणाचा हात सापडला तर काय होतं, ते मोऱ्यात शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. माझ्या वडिलांबरोबर लाँचवर असलेल्या एका काकांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. लहानपणी ते आम्हाला त्या हातानं गोळ्या द्यायचे आणि आम्ही गोळीपेक्षा हाताकडेच बघायचो.

मोरा म्हणजे उरणचं बंदर. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की पाऊण-एक तासात इथे पोचता. (घारापुरी बेटावरही एक मोराबंदर आहे. तिकडचं पार्सल इकडे आणि इकडचा पाहुणा तिकडे, हे प्रकार होतात.) गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट पावसाळ्यात बंद होते. मोऱ्याची लाँच पावसाळ्यातही चालते, फक्त भाडं वाढतं आणि बावटा लागला की थांबते. पण मोऱ्याला पावसापेक्षा जास्त त्रास चिखलाचा आहे. धक्क्यापाशी गाळ साचतो, काढतात, परत साचतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो आणि मग ओहोटीला धक्क्याजवळ लाँचला पुरेल एवढं पाणीच उरत नाही. दोन-दोन तास फेरी बंद. मुंबईतले लोक लोकलचं टाइमटेबल बघून घरातून निघतात, आमच्या घरात भिंतीवर भरतीचं कोष्टक. ते रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं, त्यामुळे आजची वेळ उद्या उपयोगाची नाही. रो-रोसाठी नवी जेट्टी होणार, मग सगळं सुटणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. काम वर्षानुवर्षं रखडत राहिलं.

या चिखलावरच एक आणि दोन इंजिनांचा पहिला फरक कळतो. बाबांची लाँच लाकडी, एका इंजिनाची. तिचा पंखा मधोमध, कण्याच्या मागे लपलेला. ती चिखलात टेकली तरी आधी कणा टेकतो, पंखा वाचतो. आमच्या बोटीचे दोन्ही पंखे दोन बाजूंना उघडे. कमी पाण्यात बोट जराशी कलली की एक पंखा चिखल ढवळायला लागतो, आणि इंजिन थंड ठेवायला जे समुद्राचं पाणी आत ओढलं जातं त्याच्याबरोबर गाळ आत येतो. तापमानाचा काटा चढतो. मी दोन इंजिनांच्या बोटीवर लागलो तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "दोन इंजिनां? म्हंजे दोन येला बिघडनार."

बाबा सारंग होते. जुन्या लाँचवर सारंगाच्या हातात फक्त सुकाणूचं चक्र असायचं. इंजिन खाली, इंजिन ड्रायव्हरच्या ताब्यात, आणि त्याला वरचं काही दिसत नसे. दोघांच्या मध्ये एक दोरी आणि एक घंटा. ठोक्यांच्या संख्येवरून पुढे, थांब, मागे. धक्का जवळ आला की ही घंटा सारखी वाजायची. प्रवाशांना ती रेल्वेच्या भोंग्यासारखी वाटत असणार. मला लहानपणी वाटायचं की बाबा खालच्या माणसाला ओरडतायत. विचार करा: तुम्हाला थांबायचंय, पण पाय दुसऱ्या माणसाच्या ब्रेकवर आहे आणि त्याला रस्ता दिसत नाही. या अंतरात, म्हणजे दोरी ओढल्यापासून पंखा उलटा फिरेपर्यंतच्या सेकंदांत, लाँच किती पुढे जाईल ते सारंगाला अंगात मुरलेलं असायचं. त्यामुळे बाबा कधीही वेगात आले नाहीत. लांबूनच इंजिन सोडून द्यायचे आणि लाँच पाण्यावर घसरत यायची.

एका पंख्याची आणखी एक खोड असते. रिव्हर्स टाकला की बोट सरळ मागे जात नाही, मागचा भाग एका बाजूला ओढला जातो. पंखा पुढे जाताना उजवीकडे फिरणारा असेल, म्हणजे मागून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखा, तर रिव्हर्समध्ये मागचा भाग डावीकडे सरकतो. नवख्याला याचा राग येतो. बाबांसारखे लोक त्याचाच वापर करतात. डावी बाजू धक्क्याकडे ठेवून तिरकं यायचं, नाळ जवळ आली की रिव्हर्स, की मागचा भाग आपोआप धक्क्याला येऊन चिकटतो. उजवी बाजू लावायची वेळ आली की मात्र तोंडावर वेगळेच भाव.

दोन इंजिनांच्या बोटीत दोन पंखे उलटसुलट फिरतात. उजवा उजवीकडे, डावा डावीकडे. दोन्ही एकदम रिव्हर्स टाकले तर त्यांची ओढ एकमेकांना खाऊन टाकते आणि बोट सरळ मागे जाते. आणि एक पुढे, एक मागे टाकला तर ती जागच्या जागी फिरते. डावं पुढे, उजवं मागे: नाळ उजवीकडे वळते. सुकाणू मध्यावर ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. हे मला ज्यांनी शिकवलं ते करंजाचे आहेत, वय साठीच्या आसपास, सगळे त्यांना नाखवा म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी चक्राला चिंधी बांधून टाकली. म्हणाले, "याला हात लावलास तं घरी जायाचं." पंधरा दिवस मी दोन लिव्हरवर बोट फिरवत होतो. उजवीकडे गोल, डावीकडे गोल. खलाशी पोरांना चक्कर यायची बाकी होती.

हे कागदावर सोपं दिसतं. पाण्यात दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे पंखा पुढे जितका जोर लावतो तितका मागे लावत नाही. त्याच्या पात्यांचा आकारच पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे दोन्ही इंजिनं सारख्या फेऱ्यांवर ठेवून एक पुढे, एक मागे टाकलं, तर बोट फिरता फिरता हळूच पुढेही सरकते. तुम्हाला वाटतं जागेवर आहोत, आणि धक्का जवळ आलेला असतो. मग मागे जाणाऱ्या इंजिनाला किंचित जास्त द्यायचं, किंवा पुढे जाणारं अधूनमधून न्यूट्रलला आणायचं. दुसरी गोष्ट वेळेची. गिअर पुढून थेट मागे ओढायचा नाही. मध्ये न्यूट्रलमध्ये एक श्वास थांबायचं, नाहीतर गिअरबॉक्सची वाट लागते. घाबरलेला माणूस नेमका हाच श्वास विसरतो.

आणि कमी वेग म्हणजे थ्रॉटल कमी, असा जो समज असतो तो खोटा. आयडलच्या खाली थ्रॉटल जातच नाही. मग चार नॉटपेक्षा हळू कसं जायचं? गिअर टाकायचा, दोन सेकंद, काढायचा. बोट घसरते. परत एका इंजिनाचा गिअर, दोन सेकंद, काढायचा. पूर्ण धक्क्याला लागेपर्यंत इंजिनाचा आवाज बदलत नाही, फक्त गिअरचा टक, टक ऐकू येतो. यात सगळ्यात जास्त वेळ दोन्ही इंजिनं न्यूट्रलमध्ये असतात. सुरुवातीला मला न्यूट्रलची भीती वाटायची. हात लिव्हरवरून निघत नसे. गिअरमध्ये असलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं, न्यूट्रलमध्ये आपण नुसते बघे. नाखवा माझ्या मागे उभे राहून तंबाखू मळत म्हणायचे, "काढ गिअर. तिला बोलूं दे पयलं." थोड्या वेळानं परत, "न्यूट्रल फुकट हाय. वापर."

ती बोलते हे खरं आहे. न्यूट्रलमध्ये सोडली की वारा कुठून आहे आणि पाणी कुठे चाललंय हे दोन्ही कळतं. आमच्या बोटीची नाळ उंच आणि हलकी, इंजिनांचं वजन सगळं मागे. त्यामुळे वारा आधी नाळेला ढकलतो आणि मोकळी सोडलेली बोट हळूहळू पाठ वाऱ्याकडे करून उभी राहते. पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यात तिला तोंड वाऱ्याकडे करून एका जागी धरायचं म्हणजे हट्टी म्हशीला शिंगाला धरून उभं करण्यासारखं. त्यापेक्षा पाठ वाऱ्याकडे करून रिव्हर्सवर धरली तर शांत राहते. मागून थोडं पाणी उडतं, उडू द्यायचं.

पाण्याच्या प्रवाहाचं याहून वेगळं. वारा शत्रू असू शकतो, प्रवाहाचा बहुतेक वेळा उपयोग होतो. अट एकच, त्याच्याकडे तोंड करून यायचं. समोरून दोन नॉटचं पाणी येत असेल आणि तुम्ही दोन नॉटनं पुढे जात असाल तर जमिनीच्या हिशोबानं तुम्ही उभे आहात, पण सुकाणूवरून पाणी वाहतंय, म्हणजे बोट ऐकतेय. आता नाळ धक्क्याकडे किंचित तिरकी करायची. प्रवाह बोटीच्या अंगावर आडवा लागतो आणि तिला सरकवत सरकवत धक्क्याकडे नेतो. तुम्ही काही न करता बोट आडवी चालते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी शेजारच्या खलाशाकडे बघितलं. तो मोबाईल बघत होता.

शेवटचे दोन मीटर असे: डावी बाजू लावायची असेल तर नाळ तिरकी आणून धक्क्याजवळ आली की उजवं, म्हणजे धक्क्यापासून लांबचं इंजिन रिव्हर्स. बोट थांबते आणि त्याच वेळी मागचा भाग आत येतो. दोर टाकायचा, उडी मारायची नाही. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलतो. निघताना उलटं. धक्क्यावर मागच्या बाजूला असलेल्या खुंट्याला नाळेचा दोर ठेवून, नाळेत टायर अडकवून, लांबचं इंजिन पुढे टाकायचं. दोर बोटीला पुढे जाऊ देत नाही, म्हणून ती फिरते, मागचा भाग धक्क्यापासून सुटतो. मग दोर सोडून दोन्ही रिव्हर्स.

आमच्या बंदरात या सगळ्याला आणखी एक परिमाण आहे, ते म्हणजे माणसं. भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या शेजारी लाँच लागते, लोक एकीतून दुसरीत पाय टाकत धक्क्यावर जातात. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, ऑफिसची बॅग छातीशी धरलेली पोरं. बोट बांधायच्या आधीच अर्धे लोक उतरलेले असतात. कोळणींना कोण सांगणार थांबा म्हणून? माझी आजी त्यांच्यातलीच. तिला सांगून बघितलं होतं. "तुझ्या जनमाच्या आधीपासून उतरतंय मी," म्हणाली.

18 डिसेंबर 2024 च्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. नौदलानं सांगितलं की इंजिनाच्या चाचण्या सुरू असताना बिघाड झाला आणि नियंत्रण सुटलं. 'नीलकमल'वर शंभरहून जास्त लोक होते. एकूण 15 जणांचा जीव गेला. आदळण्याआधी स्पीडबोट पाण्यात वळसा घेतेय असा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, सगळ्यांनीच बघितला. मी तो एकदाच बघितला. त्या संध्याकाळी मी सुट्टीवर होतो आणि मोऱ्यातल्या प्रत्येक घरात फोन वाजत होते, कारण बातमी नुसती 'मुंबईजवळ लाँच बुडाली' अशी पसरली होती. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना उरणच्या जेएनपीटी हॉस्पिटलात आणलं.

बातम्यांमध्ये टक्करीबद्दल, लाइफ जॅकेटबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि बोलायलाच हवं होतं. पण बंदरातल्या माणसांत जी चर्चा झाली ती टक्करीनंतरच्या अर्ध्या तासाची. जवळपास असलेल्या बोटी धावल्या. जेएनपीएच्या पायलट बोटीनं एकटीनं पन्नासहून अधिक लोक उचलले. हे ऐकताना सामान्य माणसाला शौर्य दिसतं. मला, आणि नाखवांना, आधी पंखे दिसले. पाण्यात दूरवर विखुरलेली डोकी, काहींनी जॅकेट घातलेलं, काहींनी नाही, आणि तुम्ही फिरत्या पंख्यांची अवजड बोट घेऊन त्यांच्यात शिरताय. लवकर पोचायचंय आणि शेवटच्या वीस मीटरमध्ये अजिबात लवकर करायचं नाहीये. लोक जीव वाचवायला बोटीकडेच पोहत येतात, बाजूनं येतात, मागून येतात, जिथे पंखे आहेत तिथूनही येतात. अशा ठिकाणी पन्नास माणसं उचलणं म्हणजे किती वेळा गिअर काढला असेल, किती वेळा नुसतं थांबून बोट वाहू दिली असेल, याचा मी अजूनही अंदाज करतो.

त्यानंतर नाखवांनी आमच्याकडे एक सराव सुरू केला. कंपनीनं सांगितलेला नव्हे, त्यांचा स्वतःचा. अर्धवट पाणी भरलेल्या जेरीकॅनला जुनं लाइफ जॅकेट बांधायचं, पाण्यात फेकायचं आणि उचलून आणायचं. एक नाही, चार-पाच एकदम. एक माणूस फक्त बोट दाखवून उभा, त्यानं नजर हलवायची नाही. बोट वाऱ्याच्या बाजूनं आणायची, म्हणजे ती स्वतः वाहत माणसाकडे जाते आणि लाटेपासून त्याला आडोसा मिळतो. ज्या बाजूनं उचलायचं त्या बाजूचं इंजिन नुसतं न्यूट्रल नाही, बंद. कारण काही गिअरबॉक्समध्ये न्यूट्रललाही पंखा हळूहळू फिरत राहतो. दुसरंही न्यूट्रलमध्ये, हात लिव्हरवरून काढलेला. इथे ज्या दोन इंजिनांचं कौतुक सांगत आलो त्यांतलं एकही वापरायचं नसतं. पहिल्या सरावात मला एक कॅन उचलायला अकरा मिनिटं लागली. वाऱ्यानं बोट परत परत पुढे निघून जायची. आता तीन-चार मिनिटं लागतात. डिसेंबरातल्या शांत पाण्यात. जुलैतलं पाणी डिसेंबरात कुठे असतं.

आता जॉयस्टिक आल्या आहेत. व्होल्वो पेंटानं 2006 मध्ये आणली तेव्हापासून महागड्या बोटींवर ती असते. काठी डावीकडे ढकलली की बोट आडवी डावीकडे. कुठलं इंजिन किती, कुठल्या दिशेला, ते संगणक ठरवतो. एका पाहुण्या बोटीवर मला ती दहा मिनिटं हातात मिळाली आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. प्लेस्टेशनच. ज्यांना शिकायला तीन वर्षं लागली ते लोक अशा वस्तूंना नावं ठेवतात, तसं मी करणार नाही. माणसाचा हात वाचत असेल तर असूदे. फक्त चिखल कुठे वर आलाय आणि वाहत आलेल्या जाळ्याचा तुकडा कुठे तरंगतोय, हे अजून बघूनच कळतं. मागच्या वर्षी असाच एक तुकडा आमच्या डाव्या पंख्यात गेला आणि आम्ही एका इंजिनावर परत आलो. बाबांची लाँच असती तर नांगर टाकून बसावं लागलं असतं. हे मी घरी मुद्दाम दोनदा सांगितलं.

अटल सेतू आणि उरणची लोकल, दोघांचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, 12 जानेवारी 2024. त्या दिवशी बाबा चहा पिताना टीव्ही बघत होते. लाँचचे प्रवासी कमी होणार हे त्यांना सांगायची गरज नव्हती. लोकल ओहोटीला थांबत नाही. ते त्याआधीच निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांचं स्वतःचं काही जाणार नव्हतं, पण जिच्यावर त्यांनी आयुष्य काढलं ती लाँच आता आठवड्यातले काही दिवस नुसती बांधलेली असते. तिकडून जाताना ते तिचे दोर बघतात. भरतीला दोर आखडला असेल तर न विचारता सैल करून येतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बोटीच्या इंजिनांचं काम झालं आणि मेकॅनिकला घेऊन एक चक्कर मारायची होती. नाखवा म्हणाले, तुझ्या बापाला घेऊन ये. बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेर पाण्यात गेल्यावर नाखवांनी काही न बोलता त्यांच्या हातात लिव्हर दिले. दोघं एकमेकांना चाळीस वर्षं ओळखतात, पण एका बोटीवर कधी काम केलेलं नाही. बाबांनी थोडा वेळ दोन्ही लिव्हर पुढे-मागे करून बघितले. एकदा बोट जागेवर फिरवली, पूर्ण गोल. चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्यांदा उलट्या बाजूला फिरवली. मग धक्क्याकडे वळले.

लांबूनच त्यांनी डावं इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि ठेवून दिलं. मी तोंड उघडणार होतो, नाखवांनी माझ्या दंडाला हात लावला. उजव्या एका इंजिनावर, सुकाणू धरून, मध्येच तेही सोडून देत बोट घसरत आली. ओहोटी अर्धी झाली होती, पाणी बाहेर चाललेलं. डावी बाजू धक्क्याला, नाळ जवळ आली तसा एक रिव्हर्स, साधारण दोन सेकंद. मागचा भाग आत आला. टायर दबला तेवढाच आवाज.

"दुसरा कला लागतं?" बाबांनी नाखवांना विचारलं.

नाखवा हसले आणि म्हणाले, वारा नव्हता आज. मग दोघांची वाऱ्यावरून जुंपली, मेकॅनिक गिअरबॉक्सचं तेल बघायला खाली उतरला, आणि मी दोर बांधायला पुढे गेलो, कारण पाणी उतरत होतं आणि अर्ध्या तासात बोट तिथून हलवायला हवी होती.